वाचक विचारतात : फ्रिजवर वाद, पंख्यावर मौन

वीज वाचवणारी उपकरणे घेताना आपण निर्णय कसे करतो, या विषयावर गेल्या अंकात पत्रे मागवली होती. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि अथणी या भागांतून आलेल्या पत्रांपैकी सहा येथे घेतली आहेत. हिशेब सर्वांना ताडून पाहता यावेत म्हणून विजेचा दर सगळीकडे युनिटला सहा रुपये धरला आहे. आपल्या बिलावरील नेमका दर थोडा वेगळा असेल, पण निष्कर्ष त्याने बदलणार नाहीत.

प्रश्न : आमचा जुना फ्रिज बंद पडला. मुलगा पुण्याहून फोनवर सांगतो की पाच ताऱ्यांचाच, म्हणजे वीज कमी खाणाराच घ्या. मी जन्मभर गणित शिकवले, तरी चार हजार रुपये जास्त मोजायला माझे मन धजावत नाही. आणि आमच्या सौ. म्हणतात की शेजारच्या काकूंकडे जो अठरा वर्षे चालला, त्याच कंपनीचा घ्या. तिघेही शहाणे असताना उत्तरे तीन का? (निवृत्त शिक्षक, टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : आपल्या घरातील तिघे तीन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत आणि आपापल्या प्रश्नापुरते तिघांचेही बरोबर आहे. चिरंजीव वस्तूचे गुण एकेक सुटे करून पाहतात: किती लिटर, किती तारे, वर्षाला किती युनिट. मानसशास्त्रात या पद्धतीला विश्लेषक विचारशैली म्हणतात. आपल्या सौभाग्यवतींनी फ्रिजला त्याच्या भोवतालातून बाहेर काढलेलेच नाही. शेजारचे स्वयंपाकघर, आपल्या गल्लीतील विजेची ये-जा, हाकेला धावून येणारा दुरुस्तीवाला आणि अठरा वर्षांचा डोळ्यांदेखतचा अनुभव हे सारे एकत्र धरून त्या कौल देतात. ही समग्र विचारशैली. आपण स्वतः मात्र आज खिशातून जाणारे चार हजार एका पारड्यात आणि पुढे थेंबाथेंबाने येणारी बचत दुसऱ्या पारड्यात घालून बसला आहात, आणि उद्याचे पारडे आपल्याला हलके भासते आहे.

हे हलके भासणे काही आपले एकट्याचे नाही. जेरी हॉसमन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७९ साली खोलीच्या एअर कंडिशनरच्या खरेदीचा अभ्यास केला. महाग पण वीज कमी खाणारे यंत्र आणि स्वस्त पण वीज जास्त खाणारे यंत्र यांतून लोक ज्या रीतीने निवड करतात, त्यावरून ते भविष्यातील बचतीला वर्षाला सुमारे वीस टक्के कात्री लावतात, असे त्यांना आढळले. म्हणजे आजच्या शंभर रुपयांच्या बदल्यात वर्षाने एकशेवीस मिळणार असतील, तरच ग्राहक तयार होतो. उत्पन्न जितके कमी तितकी ही कात्री मोठी, हेही त्यातच दिसले. हाताशी पैसा कमी असलेल्या माणसाला उद्याचा रुपया दूरचा वाटणारच. त्याला अडाणीपणा म्हणणे मला तरी पटत नाही.

आता आपल्या फ्रिजचा हिशेब करू. लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात. समजा स्वस्त फ्रिजवर २०० आणि पाच ताऱ्यांच्या फ्रिजवर १३० आहेत. फरक ७० युनिटांचा, म्हणजे वर्षाला ४२० रुपयांचा. चार हजार वसूल व्हायला साडेनऊ वर्षे लागतील. फ्रिज चौदा वर्षे टिकला, तर या जादा गुंतवणुकीवरचा परतावा साडेपाच टक्क्यांच्या आसपास पडतो, कारण बँकेतल्या ठेवीप्रमाणे येथे मुद्दल शेवटी परत मिळत नाही. दर वाढत गेले तर आकडा थोडा सुधारेल. म्हणजे चिरंजीवांचा सल्ला चुकीचा नाही, पण त्यांना वाटतो तेवढा लाभाचाही नाही, आणि आपले कचरणारे मन अगदीच आडमुठे नाही.

मला खटकते ते वेगळेच. चार हजारांवरून पुणे-बेळगाव फोन झाले, पण आपल्या पत्रात पंख्याचा उल्लेख कुठेही नाही. नेहमीचा छताचा पंखा पूर्ण वेगाने सुमारे ७५ वॅट घेतो, तर पाच ताऱ्यांचा बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटारीचा) पंखा साधारण २८ वॅटवर तितकाच वारा देतो. बैठकीच्या खोलीतील आणि झोपण्याच्या खोलीतील असे दोन पंखे दिवसाला दहा तास आणि वर्षातून अडीचशे दिवस चालतात असे धरले, तर दोन्ही मिळून २३५ युनिट, म्हणजे चौदाशे रुपयांवर बचत होते. त्यासाठी जादा खर्च तीन हजारांच्या घरात येतो. सव्वादोन वर्षांच्या आत पैसे वसूल. हॉसमन यांच्या घायकुत्या ग्राहकालाही हा सौदा नाकारता येऊ नये. तरी पंख्यावरून घरात वाद होत नाहीत, कारण फ्रिज ही घराची खरेदी असते आणि पंखा हे इलेक्ट्रिशियनचे काम असते. फ्रिज घेताना घर एकत्र बसते. पंखा जळाला की खडे बाजारातून मिळेल तो आणून त्याच संध्याकाळी टांगला जातो. विश्लेषक माणूस समोर आलेल्या वस्तूचे बारकाईने पृथक्करण करतो खरे, पण कोणती वस्तू समोर घ्यायची हे तो बहुधा किमतीवरून ठरवतो. ती वस्तू वर्षात किती तास चालते, हे त्याच्या डोळ्यांआड राहते.

सौभाग्यवतींच्या युक्तिवादातही एक छिद्र आहे. काकूंचा फ्रिज अठरा वर्षे टिकला म्हणून तो आपल्याला दिसतो. त्याच वर्षी घेतलेले जे फ्रिज सहा वर्षांत भंगारात गेले, ते कोणाच्याच स्वयंपाकघरात उभे नाहीत. शिवाय त्या कंपनीचा आजचा फ्रिज आतून वेगळा आहे. दुरुस्तीवाल्याचा मुद्दा मात्र त्यांचा खरा आहे आणि तो कोणत्याही लेबलवर छापलेला नसतो. आपण दोन्ही पंखे आधी बदला. फ्रिज घेताना सौ. सांगतील तीच कंपनी घ्या आणि त्या कंपनीत परवडतील तेवढे तारे घ्या.

प्रश्न : गृहज्योतीमुळे आमचे बिल शून्य येते. कागलला राहणारे माझे धाकटे दीर बीएलडीसी पंखे घेऊन बिल किती उतरले ते प्रत्येक सणाला ऐकवतात. आम्हीही घ्यावेत का? सासूबाई म्हणतात, फुकटच्या विजेवर पैसे घालणारी तूच पहिली. (गृहिणी, निपाणी)

उत्तर : सासूबाईंचे म्हणणे आधी नीट ऐकावे लागेल. कर्नाटक सरकारची गृहज्योती योजना जुलै २०२३ च्या वापरापासून लागू झाली. घराचा २०२२-२३ मधील सरासरी मासिक वापर काढायचा, त्यात दहा टक्के मिळवायचे आणि तेवढी वीज, दोनशे युनिटांच्या मर्यादेत, विनामूल्य द्यायची, असे तिचे मूळ सूत्र आहे. मंजूर आकड्याच्या वर पण दोनशेच्या आत वापर गेला, तर वरच्या युनिटांचे पैसे भरावे लागतात. दोनशेच्या वर गेला, तर त्या महिन्याचे संपूर्ण बिल भरावे लागते.

म्हणून एकाच पंख्याची किंमत तीन घरांत तीन प्रकारची होते. ज्या घराला १५० युनिट मंजूर आहेत आणि वापर १२० आहे, तेथे वाचलेल्या युनिटाचे मोल रुपयांत शून्य. त्या घरापुरते सासूबाई शंभर टक्के बरोबर आहेत. ज्या घराचा वापर १७० आहे, तेथे वरच्या वीस युनिटांपुरती बचत खरी. आणि ज्या घराचा वापर मे महिन्यात २०५ वर जातो, तेथे एक पंखा जादू करतो. दिवसाला बारा तास चालणाऱ्या एका पंख्याच्या बदलाने महिन्याला १७ युनिट वाचतात, वापर १८८ वर येतो, आणि १,२३० रुपयांच्या जागी फक्त ३८ युनिटांचे २२८ रुपये भरावे लागतात. एका महिन्यात हजार रुपये. तेव्हा आधी आपल्याला किती युनिट मंजूर आहेत ते पाहा आणि मग मार्च ते मे या तीन महिन्यांची बिले काढून बसा. पावसाळ्यातली बिले या प्रश्नाला काही सांगणार नाहीत.

शून्याशी माणसाचे मन विचित्र वागते, हे येथे सांगायला हवे. शाम्पानिए, मजार आणि अरिएली या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात उंची चॉकलेट पंधरा सेंटला आणि साधे एक सेंटला ठेवले, तेव्हा बहुतेकांनी उंची उचलले. मग दोन्हींची किंमत एकेक सेंटने उतरवली. उंची चौदा सेंटला आणि साधे फुकट झाले. फरक तेवढाच राहिला, पण बहुसंख्य लोक साध्याकडे वळले. फुकट ही किंमत न राहता एक वेगळा वर्गच होतो. म्हणून शून्य बिलाच्या घरात मंजूर आकडा कुणी पाहत नाही, आणि एका उन्हाळ्यात अचानक पूर्ण बिल आले की मीटर बिघडल्याची तक्रार होते.

योजनेत एक विसंगतीही आहे. २०२२-२३ मध्ये ज्यांनी काटकसर करून वीज वापरली, त्यांची सरासरी कमी निघाली आणि त्यांना मंजूर युनिटही कमीच मिळाले. ज्यांनी त्या वर्षी हात सैल सोडला होता, त्यांचा वाटा मोठा झाला. सासूबाई त्या वेळी दिवे मालवत फिरत असतील, तर त्यांना हे सांगू नका.

आता भाऊजींविषयी. कागल महाराष्ट्रात असल्याने तेथे महावितरणचे टप्प्याटप्प्याचे दर आहेत. पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी, १०१ ते ३०० चा बराच चढा, आणि त्यापुढे आणखी चढा. वाचलेले युनिट नेहमी सर्वांत वरच्या टप्प्यातून वाचते, म्हणून त्यांच्या पंख्याने खरोखरच घसघशीत पैसे वाचवले असणार. ते बढाई मारत नाहीत. पण निपाणी ते कागल हे अंतर एसटीने अर्ध्या तासाचेही नसले, तरी त्यांचा हिशेब दूधगंगा ओलांडून इकडे आणला की तो लागू पडत नाही. सीमाभागात आपण नातेवाइकांचे ऐकून पुष्कळ गोष्टी घेतो आणि त्यात आनंदही असतो, पण विजेचे गणित ज्या त्या वीज कंपनीच्या बिलावरच मांडावे.

प्रश्न : माझे विजेच्या सामानाचे दुकान आहे. पाच ताऱ्यांची वस्तू दाखवली की गिऱ्हाईक म्हणते, तारे राहू देत, कमीत कमी कितीला द्याल? दहा वर्षांची बचत समजावून सांगू लागलो की त्याचे लक्ष रस्त्याकडे जाते. कसे समजवावे? (दुकानदार, खानापूर)

उत्तर : गिऱ्हाईक रस्त्याकडे पाहू लागते, कारण आपण त्याला त्याचा नसलेला प्रश्न सोडवून दाखवत आहात. ताकेहिको मासुदा आणि रिचर्ड निस्बेट यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात जपानी आणि अमेरिकी विद्यार्थ्यांना पाण्याखालची हलती चित्रे दाखवून काय पाहिले ते सांगायला लावले. अमेरिकी विद्यार्थी बहुधा मोठ्या, ठळक माशापासून सुरुवात करत. जपानी विद्यार्थी पाणी, दगड, वनस्पती अशा पार्श्वभूमीविषयी कितीतरी अधिक बोलत. यावरून अमुक देशाचा माणूस असाच, असे ठरवू नये. एकाच घरात दोन्ही तऱ्हा असतात, हे टिळकवाडीच्या गुरुजींच्या पत्रातही दिसले. पण आपल्या काउंटरवर रोज दोन्ही प्रकारची माणसे येतात आणि आपण दोघांनाही माशाचेच वर्णन ऐकवता.

सुटे गुण पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला युनिट सांगण्यापेक्षा रुपये सांगावेत. स्वित्झर्लंडमधील कुटुंबांवर झालेल्या अभ्यासात असे दिसले की, उपकरणाचा वीजवापर युनिटांत न सांगता वर्षाच्या खर्चाच्या रूपात पैशांत सांगितला, तर एकूण खर्चाचा हिशेब करून निवड करणाऱ्यांचे प्रमाण वाढते. तेव्हा पंख्याच्या खोक्यावर पेनने लिहा: ‘दहा तास चालवल्यास महिन्याचे लाइट बिल, हा १३५ रुपये, तो ५० रुपये.’ दहा वर्षांची गोष्ट काढू नका. दहा वर्षांनी आपण कुठे असू, असा विचार त्याच्या मनात डोकावतो आणि सौदा तेथेच थांबतो.

घर, पाऊस, शेजार असे सगळे एकत्र पाहणाऱ्या गिऱ्हाइकासाठी आपल्याकडे याहून चांगला मुद्दा आहे आणि तो खानापूरइतका दुसरीकडे कुठे लागू नसेल. जंगलपट्ट्यातील गावांत आषाढ-श्रावणात झाड पडून तार तुटली की वीज केव्हा येईल याचा भरवसा नसतो. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे, त्यांचा पंखा त्याच बॅटरीवर अडीच पटीहून अधिक वेळ चालेल, कारण ७५ च्या जागी २८ वॅटच ओढले जातात. बीएलडीसी पंख्याचा वेग व्होल्टेज उतरले तरी साध्या पंख्याइतका मंदावत नाही, हा दुसरा मुद्दा. लाइट गेल्यावर पाळण्यातले बाळ रात्रभर वाऱ्यात झोपेल, हे वाक्य ऐकलेली आजी किंमत विचारण्याआधी पंखा चालू करून दाखवायला सांगते. यात फसवणूक काहीच नाही. वीजबचतीचा हाही एक खरा लाभ आहे, पण तो बिलावर छापला जात नाही म्हणून आपण विक्रेते आणि आम्ही लेखक तो विसरतो.

एक खबरदारी घ्या. या पंख्यांच्या आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असते आणि ते बिघडले, तर गावातला वाइंडिंगवाला ते दुरुस्त करू शकत नाही. हमीची मुदत आणि दुरुस्तीची सोय बेळगावात आहे की हुबळीत, हे आपणहून सांगा. समग्र विचार करणारे गिऱ्हाईक एकदा दुखावले, तर अख्ख्या गल्लीसह जाते.

प्रश्न : मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी आहे. माणूस सहज-झटपट विचार करणारा आहे की थांबून विचार करणारा, हे मोजता येते का? आणि त्याचा वीजबचतीशी संबंध आहे का? (बेळगाव)

उत्तर : शेन फ्रेडरिक यांनी २००५ साली तीन प्रश्नांची एक छोटी चाचणी मांडली. तिच्यातील पहिल्या प्रश्नाला बेळगावचा पोशाख चढवतो. कुंद्याचा डबा आणि कापडी पिशवी मिळून ११० रुपये. डबा पिशवीपेक्षा १०० रुपयांनी महाग आहे, तर पिशवी केवढ्याला? मनात तत्काळ दहा हा आकडा येतो. उत्तर पाच आहे. पहिल्या उत्तराला अडवून पुन्हा तपासण्याची सवय कितपत आहे, ते ही चाचणी पाहते. डॅनियल कानेमन यांनी, ज्यांना २००२ साली अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला, विचाराच्या झटपट आणि सावकाश अशा ज्या दोन रीतींचे विवेचन केले, त्याचेच हे एक लहानसे मापन आहे.

वीजबचतीत झटपट रीत कुठे घसरते, याचे एक चांगले उदाहरण शाहझीन अत्तारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१० सालच्या पाहणीत मिळते. त्यांनी ५०५ अमेरिकी नागरिकांना विचारले की ऊर्जा वाचवण्यासाठी सर्वांत परिणामकारक काय? बहुतेकांनी दिवे मालवण्यासारखे वापर आवरण्याचे उपाय सांगितले; कार्यक्षम उपकरण घेण्याचे फार थोड्यांना सुचले. निरनिराळ्या उपकरणांचा वापर आणि बचत यांचा अंदाज त्यांनी सरासरीने २.८ पट कमी केला, आणि चूक सर्वांत मोठी होती ती जास्त वीज खाणाऱ्या यंत्रांविषयी. दिवा डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याची उधळपट्टी मनाला दिसते. कोपऱ्यात चोवीस तास गुरगुरणाऱ्या यंत्राकडे लक्ष जात नाही. आपल्याकडे जुन्या ६० वॅटच्या बल्बची जागा नऊ वॅटच्या एलईडीने घेतली आहे, तरी घरातली सगळी करडी नजर अजून दिव्याच्या बटनावरच असते.

प्रबंधाला विषय शोधत असाल, तर एक सुचवतो. चाचणीत पाच हे बरोबर उत्तर देणारे लोक दुकानात खरोखर वेगळी निवड करतात का, याऐवजी ते घरातील कोणत्या उपकरणाविषयी मुळात विचार सुरू करतात, हे तपासा. माझा अंदाज असा की शैलीचा फरक तेथे अधिक दिसेल.

प्रश्न : पाच ताऱ्यांचा एसी आणि पाच ताऱ्यांचा गिझर घेण्याचे ठरवले आहे. दोन्हींवर आठ-दहा हजार जास्त जातील. लेबलवरील आकडे पाहून मी पूर्ण हिशेब केला आहे आणि तो जमतो. तरी एकदा आपले मत हवे. (अभियंता, हिंदवाडी, बेळगाव)

उत्तर : हिशेब जमतो, हीच मला शंका. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या लेबलवर एसीचे जे वार्षिक युनिट छापतात, ते वर्षाला १,६०० तास यंत्र चालेल असे गृहीत धरून काढलेले असतात. ज्या बेळगावला एके काळी गरिबांचे महाबळेश्वर म्हणत, तेथे हिंदवाडीत आपण एसी किती चालवाल? एप्रिल-मेमध्ये रोज पाच तास धरले, तर सुमारे तीनशे. समजा तीन ताऱ्यांच्या यंत्रावर १,००० आणि पाच ताऱ्यांच्या यंत्रावर ७८० युनिट छापले आहेत. लेबलप्रमाणे फरक २२० युनिटांचा, पण तीनशे तासांत तो चाळीसच्या आसपास उतरेल, म्हणजे वर्षाला अडीचशे रुपये. जादा किंमत आठ हजार असेल, तर ती वसूल होण्याआधी यंत्र भंगारात जाईल. हाच एसी अथणी किंवा विजापूरकडे दिवसरात्र चालणाऱ्या दवाखान्यात बसवला, तर पाच तारे डोळे झाकून घ्यावेत.

झटपट विचार करणारा माणूस ताऱ्यांना भुलतो, हे सर्वांना ठाऊक आहे. छापील आकड्याला भुलतो तो मात्र सावकाश विचार करणारा. दोन दशांशस्थळांपर्यंत हिशेब केल्यावर त्यामागचे गृहीतक तपासण्याचे कष्ट उरत नाहीत, आणि अभियंत्यांना हा मोह जास्त होतो. जुन्या यंत्राशी तुलना करत असाल, तर लेबल कोणत्या काळातील आहे तेही पाहा. कोष्टक वेळोवेळी कडक होते. जुलै २०२२ मध्ये एसीचे निकष बदलले, तेव्हा आदल्या दिवशीचे पाच ताऱ्यांचे यंत्र चार ताऱ्यांचे झाले. यंत्र तेच, खाणे तेच.

गिझरच्या बाबतीत मी स्वतः पोळलेलो आहे, म्हणून सविस्तर सांगतो. आमच्या घरी पूर्वी तांब्याचा बंब होता. तो गेला आणि मी मोठ्या तोऱ्यात जास्त पैसे देऊन पाच ताऱ्यांचा साठवणुकीचा गिझर आणला. आम्ही आंघोळीआधी वीस मिनिटे बटन लावतो आणि लगेच पाणी काढून घेतो. वर्षभर बिलात काहीच फरक पडेना, तेव्हा लेबल नीट वाचले. साठवणुकीच्या गिझरचे तारे टाकीत तापलेले पाणी तसेच ठेवले असता चोवीस तासांत किती उष्णता वाया जाते, यावर ठरतात. पंधरा लिटर पाणी वीस अंशांवरून पंचावन्न अंशांवर न्यायला ०.६ युनिट लागतातच. भौतिकशास्त्र ताऱ्यांना जुमानत नाही. ज्या घरात गिझर सकाळपासून रात्रीपर्यंत चालू असतो, लॉज किंवा पाहुण्यांनी भरलेले घर म्हणा, तेथे ते तारे कामाला येतात. आमच्याकडे ते फक्त शोभेला आहेत, आणि विक्रेत्याने फसवले असेही म्हणता येत नाही, कारण तुम्ही गिझर किती वेळ लावून ठेवता, हे त्याने विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

प्रश्न : ऊस आहे. दहा एचपीपर्यंत शेतीपंपाला वीज मोफत. मग ताऱ्यांची मोटार घेण्यात शहाणपण काय? (शेतकरी, अथणी तालुका)

उत्तर : विजेच्या पैशांत काहीच नाही, आणि आहे असे सांगणाऱ्याला आपण ओळखूनच असाल. पण मोफत विजेवर चालणाऱ्या मोटारीचाही खर्च असतो. तो लाइट बिलावर न दिसता रिवाइंडिंगच्या पावतीवर दिसतो. व्होल्टेज उतरले की मोटार जास्त करंट ओढते, तापते आणि वाइंडिंग जळते. ऐन उन्हाळ्यात पाण्याच्या पाळीला चार दिवस खाडा पडला, तर उसाचे जे नुकसान होते ते निराळेच. चांगल्या प्रतीची मोटार कमी तापते, पण आपल्या फीडरवर व्होल्टेजच नसेल, तर केवळ ताऱ्यांनी ती वाचेल अशी खात्री मी देणार नाही. त्याआधी कमी व्होल्टेजला पुरवठा तोडणारा स्टार्टर आणि पंपाची आपल्या विहिरीच्या खोलीशी जुळणी या दोन गोष्टी पाहाव्यात. वीज आली की पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून ऑटो स्टार्टर लावून ठेवण्याची रीत आपल्याकडे आहे. रात्री दोन वाजता शिवारात जाण्यापेक्षा ते बरे, हे मान्य, पण पुरवठा सुरू होतो त्याच क्षणी साऱ्या शिवारातील पंप एकदम उठतात आणि सर्वांचेच व्होल्टेज बसते. आपला ऑटो स्टार्टर दहा मिनिटांच्या विलंबावर लावता येतो का, ते मिस्त्रीला विचारा. आणि मोटार जळेल त्या त्या वेळच्या पावतीमागे तारीख व किती दिवस पाणी बंद होते ते लिहून ठेवा. अशा तीन पावत्या जमल्या की आम्हाला पाठवा, मग नव्या मोटारीचा हिशेब एकत्र बसून करू.